काळोख बघायला येताय? वीज घेऊन या

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, अमावस्येच्या आदल्या रात्री, डोळखांबच्या पुढे एका गावात आम्ही पाच जणांनी एका घराची वीज जाळली. हे अलंकारिक लिहीत नाहीये. मीटरजवळचा जोड खरोखर जळला, काळा पडला आणि घरभर प्लॅस्टिकचा वास सुटला.

झालं असं की आम्ही पाच जण, पाच ट्रायपॉड, पाच कॅमेरे. घराच्या पडवीतून एक एक्स्टेन्शन, त्यातून दुसरं, त्यातून तिसरं, असं करत भाताच्या खाचरापर्यंत वीज ओढलेली. एकेकाचं मशीन पन्नास-साठ वॉट खातं, म्हणजे पाचांचे मिळून तीनशे. एवढ्याने काही जळत नाही. पण रात्री एक वाजता कुणाला तरी चहाची तल्लफ आली आणि त्याने सोबत आणलेली इलेक्ट्रिक किटली लावली. १५०० वॉट. त्याच वेळी दोन लॅपटॉप चार्जिंगला. किटकॅटमधली तार उडाली, अंधार झाला. आमच्यात तीन इंजिनिअर होते. त्यातल्या एकाने फोनच्या टॉर्चमध्ये फ्यूज उपसला, एका तारेच्या जागी तीन पदरी तार गुंडाळली आणि परत बसवला. लाइट आली, टाळ्या पडल्या. फ्यूज जळण्यासाठीच असतो, तो जळला नाही तर पुढचं काहीतरी जळतं, हे पहिल्या वर्षाच्या बेसिक इलेक्ट्रिकलच्या पेपरात लिहून आम्ही तिघांनी मार्क मिळवले होते. पुढचं काहीतरी तीन वाजता जळलं.

ती तीन पदरी तार गुंडाळणारा इंजिनिअर मी.

सकाळी मावशींनी आरडाओरडा केला नाही. चुलीवर चहा केला, आम्हाला दिला आणि विचारलं, "मोटार लागंल का रे आता?" बोअरची मोटार त्याच मीटरवर होती आणि शेजारच्या दोन घरांचं पाणीही त्याच मोटारीवर. वायरमन तिसऱ्या दिवशी आला, असं नंतर फोनवर कळलं. आम्ही पैसे दिले, माफी मागितली आणि दुपारच्या आत हायवेला लागलो. ते तीन दिवस तिन्ही घरच्या बायका हंडे घेऊन विहिरीवर गेल्या. मला त्या रात्री रोझेट नेब्युलाचा चांगला फोटो मिळाला होता. तो मी अजून कुठेही टाकलेला नाही.

त्यामुळे पुढे जे लिहितोय ते साधूच्या तोंडचं नाही, पकडल्या गेलेल्या माणसाचं आहे. म्हणणं एका वाक्याचं आहे: शहापूर-मुरबाडला आकाशाचे फोटो काढायला जायचं असेल तर लागणारी वीज वॉट-अवरपर्यंत मोजून, बॅटरीत भरून, आपल्या घरून न्या. गावातल्या घराला प्लग लावू नका, जनरेटर तर नकोच नको. आणि तिथल्या रस्त्यावर दिवा लागला म्हणून गळा काढू नका.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण राग तिथे जास्त आहे.

आमच्या छंदातल्या ग्रुपांवर महिन्यातून एकदा तरी एक मेसेज येतो: "त्या गावात पण हायमास्ट लागला यार. स्पॉट गेला." खाली रडक्या इमोजींची रांग. स्पॉट! तिथे राहणाऱ्या लोकांसाठी ते गाव आहे. पावसाळ्यात रात्री घराबाहेर पाऊल टाकताना तिथे मण्यार आहे की काय, हे बघावं लागतं. पहाटेच्या अंधारात पोरीबाळींना उठून बाहेर जावं लागतं. आपण ठाण्यात सोसायटीच्या पार्किंगमधली एक ट्यूब गेली तर सेक्रेटरीला तीन फोन करतो, आणि इथल्या माणसाने मात्र आपल्या अकरा शनिवारांसाठी अंधारात राहावं अशी आपली इच्छा. वर फोटोखाली कॅप्शन काय? "विजेचा स्पर्श न झालेलं आकाश." अरे, वीज गेलेली होती त्या रात्री. लोडशेडिंगला तू निसर्ग म्हणतोयस.

काळोख मोजायची एक पट्टी आहे, जॉन बॉर्टल नावाच्या अमेरिकन हौशी निरीक्षकाने २००१ साली मांडलेली. १ म्हणजे गर्द काळोख, ९ म्हणजे मुंबईचं आकाश. डोळखांब, टोकावडे, वाल्हीवरे या पट्ट्यात नकाशे ४ च्या आसपासचा आकडा दाखवतात, आणि मुंबईहून दोन-अडीच तासांत मिळणारा ४ म्हणजे सोनं. पण हा आकडा कशामुळे आला, हे कुणी विचारत नाही. थोडा सह्याद्रीमुळे, कारण पूर्वेला आजोबा, हरिश्चंद्रगड, नाणेघाट अशी भिंत उभी आहे. थोडा तानसाच्या जंगलामुळे. आणि बराचसा अशामुळे की इथे दिवे लावण्याइतकं कुणी कधी लक्षच दिलं नाही.

शहापूर तालुक्याचं आणि मुंबईचं नातं जुनं आहे. तानसाचं धरण १८९२ चं. मग मोडकसागर आलं, भातसा आलं, मध्य वैतरणा आलं. पाइप मुंबईकडे गेले, आणि उन्हाळ्यात याच तालुक्याच्या गावपाड्यांवर टँकर येतात. प्रत्येक एप्रिल-मेमध्ये ही बातमी छापून येते आणि प्रत्येक जूनमध्ये विसरली जाते. आता आम्ही नवे लोक गाड्या घेऊन काळोख न्यायला येतो. तो नेण्यासाठी लागणारी वीजही त्यांच्याच मीटरवरून घेतो. आणि त्यांनी दिवा लावला तर आम्हाला वाईट वाटतं.

दिव्याबद्दल बोलायचंच असेल तर बोला, पण नीट बोला. हायमास्टचा दोष तो दिवा आहे हा नाही. तो चारी बाजूंना आणि वर आकाशात पांढराफटक प्रकाश ओततो, हा दोष आहे. बिल ग्रामपंचायत भरते आणि अर्धा उजेड ढगांना जातो. झाकण असलेला, खाली तोंड केलेला, पिवळसर दिवा लावला तर पायवाट जास्त नीट दिसते आणि आकाशही वाचतं. ही स्वप्नं नाहीत. आपल्याच राज्यात पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे काढले नाहीत, खाली तोंड करणारे बसवले. ग्रुपवर इमोजी टाकणाऱ्यांपैकी किती जण ग्रामसभेला जाऊन हे सांगायला तयार आहेत? मी एकदा गेलो. पहिला प्रश्न आला, "म्हणजे दिवा काढायचा का?" नाही म्हणून पटवायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मला कळलं की शहरातून आलेल्या माणसाच्या तोंडून 'काळोख' हा शब्द त्यांना कसा ऐकू येतो.

असो. आता विजेकडे.

आधीच्या पिढीला हा प्रश्नच नव्हता. खगोल मंडळाची मंडळी वांगणीला रात्र-रात्र आकाशदर्शनाचे कार्यक्रम करायची, त्यात लागणारी वीज म्हणजे टॉर्चमधले दोन सेल आणि काचेवर लावलेला लाल जिलेटीन कागद. डोळ्याला चार्जिंग लागत नाही. आपण कॅमेरा आणला आणि सगळं बदललं. पृथ्वी फिरते म्हणून ताऱ्यामागे फिरणारा मोटारचा माउंट आला. सेन्सर तापला की फोटोत दाणे येतात म्हणून त्याला शून्याखाली नेणारा कूलर आला. हे सगळं चालवायला छोटा कॉम्प्युटर आला. आणि कोकणच्या पायथ्याशी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेन्सभोवती गुंडाळायची हीटरची पट्टी. नोव्हेंबर-डिसेंबरात मुरबाडला दव असं पडतं की रात्री अकरानंतर गाडीचं टप ओघळायला लागतं. पट्टी नसेल तर बारा वाजता तुमची लेन्स म्हणजे आंघोळीनंतरचा आरसा.

माझ्या मशीनचा हिशेब सांगतो. माउंट दहा वॉट, कूलरसकट कॅमेरा वीस, कॉम्प्युटर दहा, दोन पट्ट्या अर्ध्या ताकदीवर दहा. एकूण पन्नास. डिसेंबरात पूर्ण काळोख साडेदहा तास मिळतो, पण उभारणी आणि आवरणं धरून मी नऊ तास पकडतो. पन्नास गुणिले नऊ, ४५० वॉट-अवर. झालं. एवढाच हिशेब आहे, आणि आमच्यातले दहातले आठ जण तो करत नाहीत. "तिथे प्लग मिळेल" हे त्यांचं उत्तर. प्लग मिळेल हा हिशेब नाही, दुसऱ्याच्या घराबद्दल धरलेलं गृहीत आहे.

मीही आधी हिशेबाविना बॅटरी नेली होती. पहिली यूपीएसमधली, १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर. कागदावर ८४ वॉट-अवर. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली रिकामी केली की लवकर मरते, म्हणजे हातात ४२. पन्नास मिनिटांत खेळ संपला. मग पॉवर बँक. वीस हजार एमएएच, केवढा मोठा आकडा! पण तो आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो. गुणाकार केला तर ७४ वॉट-अवर, आणि १२ व्होल्टपर्यंत चढवताना त्यातलेही काही गळतात. शिवाय पॉवर बँक फोनसाठी बनवलेली. छोटा ट्रॅकर इतकी कमी वीज ओढतो की तिला वाटतं फोन भरला, आणि ती स्वतःहून झोपते. तुम्ही गाडीत झोपलेले असता, तीही झोपते, तारे मात्र पुढे जातात.

तिसरा प्रकार गाडीच्या बॅटरीचा. टोकावड्याजवळ पहाटे पाचला गाडी सुरू न होणं काय असतं, ते एकदा अनुभवलं की पुरे. दूध घेऊन निघालेल्या टेम्पोवाल्या दादांनी थांबून धक्का मारला. पैसे घेतले नाहीत. "रात्रभर काय करत होतात?" या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं.

उत्तर आहे लिथियम आयर्न फॉस्फेट, बाजारात एलएफपी म्हणतात ते. अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी टेक्ससमध्ये काम करून १९९७ साली हा पदार्थ बॅटरीसाठी पुढे आणला. गुडइनफना २०१९ चं नोबेल मिळालं, सत्त्याण्णवाव्या वर्षी. यातला ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट धरून असतो, त्यामुळे तापल्यावर भडका उडण्याची भीती फोनमधल्या लिथियमपेक्षा पुष्कळ कमी. एप्रिलमध्ये शहापूरच्या उन्हात बंद डिकीत जी गोष्ट ठेवायची, तिच्याबाबत मला हे महत्त्वाचं वाटतं. १२.८ व्होल्ट, ५० अँपिअर-अवर, म्हणजे ६४० वॉट-अवर. त्यातले ८५ टक्के बिनधास्त वापरता येतात, म्हणजे ५४४. माझे ४५० आणि वर थोडं. वजन सहा किलो. तेवढंच काम शिशाकडून करून घ्यायचं तर तीस किलोच्या आसपास उचलावं लागेल. बॅटरी, चार्जर, फ्यूज, वायर, प्लॅस्टिकचा डबा, सगळं मिळून मला सतरा-अठरा हजार पडले. ज्या माणसाने लाखाचं मशीन घेतलंय त्याने हे परवडत नाही असं माझ्यासमोर म्हणू नये.

इथे यूट्यूबवाले मध्ये येतात. त्यांना हँडल असलेला, स्क्रीनवर आकडे नाचवणारा 'पॉवर स्टेशन' डबा विकायचा असतो, तिप्पट किमतीला. आत बऱ्याचदा हीच बॅटरी असते. डबा वाईट नाही, पण लोक तो वापरतात कसा बघा: त्याच्या २३० व्होल्टच्या सॉकेटला ॲडॅप्टर लावतात. म्हणजे आतली १२ व्होल्टची वीज २३० करायची, मग ॲडॅप्टरने परत १२ करायची. दोन्ही वेळा पंधरा-पंधरा टक्के गेले तर पोचले बहात्तर. वर इन्व्हर्टर नुसता चालू राहण्याचे वेगळे. कल्याणहून मुरबाडला जाण्यासाठी आधी पुण्याला जाऊन यायचं, तसं हे. तुमचं सगळं मशीन १२ व्होल्टचंच आहे. बॅटरीतून सरळ वायर काढा.

आणि ती वायर जाड काढा. हे मी एक अख्खा नोव्हेंबर घालवून शिकलो. मृगातल्या नेब्युलावर कॅमेरा लावलेला. रोज रात्री दोनच्या सुमारास मृग माथा ओलांडतो, तेव्हा माउंटला अंग उलटं फिरवून दुसऱ्या बाजूने पकडावं लागतं. बरोबर त्याच क्षणी माझा माउंट मरायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा, आपण कुठे बघतोय हे विसरून. मी सॉफ्टवेअरवाला. मी लॉग वाचले. फर्मवेअर बदललं, ड्रायव्हर बदलले, एका गरीब ओपन सोर्स प्रोग्रॅमरला तावातावाने बग कळवला. तिसऱ्या खेपेला मित्राने मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १२.१ व्होल्ट, माउंटच्या तोंडाशी १०.९. मी तीन मीटर स्पीकरची वायर वापरली होती, अर्धा स्क्वेअर एमएमची. जाऊन-येऊन सहा मीटर, रोध ०.२ ओहम, दोन्ही मोटारी फिरताना सहा अँपिअर. गुणाकार करा: १.२ व्होल्ट वायरीतच गेले. अडीच स्क्वेअर एमएमची वायर घेतली असती तर पाव व्होल्ट गेला असता. ओहमचा नियम शाळेत शिकवतात. त्या प्रोग्रॅमरची मी माफी मागितली, त्याने अंगठा दाखवला.

जनरेटरबद्दल फार लिहायची इच्छा नाही. गेल्या काही वर्षांत शनिवारी 'स्टारगेझिंग कॅम्प' नावाचे जे प्रकार निघालेत, त्यातल्या काहींत शेताच्या कडेला जनरेटर असतो, जेवणाच्या जागी हॅलोजन असतो आणि दुर्बीण हॅलोजनपासून वीस पावलांवर असते. जनरेटरला सायलेंट म्हणतात. गावातली कुत्री मानत नाहीत.

मला मिळालेला सगळ्यात चांगला प्रतिवाद असा: "आम्ही पैसे देतो. गावात पैसा येतो. तू बॅटरी नेलीस तर त्यांना काय मिळालं?" मुद्दा खरा आहे म्हणून उत्तर देतो. खोलीचे द्या, भाकरी-पिठल्याचे द्या, खाचरात ट्रायपॉड रोवलात त्याचे द्या, आणि घासाघीस न करता द्या. विजेचे म्हणून जे देता ते फार तर तीन-चार युनिटांचे, त्याने कुणाचं घर वर येत नाही. पण त्या घराची वायरिंग एक पंखा, दोन दिवे, एक टीव्ही आणि मोटार धरून केलेली असते, अनेकदा अर्थिंगशिवाय. त्यावर ओल्या गवतातून ओढलेली तीन एक्स्टेन्शनं आणि दवाने भिजलेला सॉकेट. ज्याचं नुकसान होऊ शकतं तो बिलाच्या आकड्यात दिसत नाही. एखाद्याने मुद्दाम वेगळी लाइन, एमसीबी, अर्थिंग करून जागा बनवली असेल आणि त्याचे पैसे लावत असेल तर खुशाल वापरा. तो त्याचा धंदा आहे. मी बोलतोय ते पडवीतल्या प्लगबद्दल.

दुसरा प्रतिवाद, "लिथियमच्या खाणी बघितल्यास का?", हा लाखाचं मशीन विमानाने मागवणाऱ्या माणसाकडून आला होता. सोडून देतो. पण त्यातलं एक टोचलं. आपल्याकडे स्वच्छ अमावस्येचे शनिवार वर्षाला दहा-बारा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आकाश बंद. फेब्रुवारी-मार्चमध्ये राब भाजायला सुरुवात होते, त्याचा धूर आठवडा-आठवडा हवेत राहतो. (यावरही आमचे लोक कुरकुरतात. भाताची रोपं कुठून येतात असं वाटतं यांना?) म्हणजे दोन हजार वेळा भरू-रिकामी होऊ शकणारी बॅटरी वर्षात बारा वेळा वापरायची आणि बाकी दिवस कपाटात. हे उधळपट्टीचंच आहे.

म्हणून गेल्या जूनमध्ये मी ती मावशींकडे ठेवून आलो. त्याच घरी. पावसात तिथली लाइट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. १२ व्होल्टचे नऊ वॉटचे दोन बल्ब आणि फोन चार्जिंगचं एक सॉकेट जोडून दिलं. दोन्ही बल्ब तीस तास चालतात, हा हिशेब मी त्यांच्या मुलाला कागदावर लिहून दिला. त्याच खेपेला इलेक्ट्रिशियन बोलावून मीटरच्या पुढे एमसीबी बसवून घेतली, पैसे आम्ही पाच जणांनी भरले, दीड वर्ष उशिरा. मावशींनी डबा हलवून बघितला आणि विचारलं, "यात मोटार चालंल?" नाही म्हणालो. एक एचपीची मोटार साडेसातशे वॉट घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. त्यांचा चेहरा पडला. त्यांना हवं होतं ते पाणी होतं, उजेड नंतर.

ऑक्टोबरच्या शेवटी बॅटरी परत घ्यायला गेलो तेव्हा ती १२ टक्क्यांवर होती. गणपतीत मुलाने तिच्यावर दीड दिवस रोषणाईच्या माळा चालवल्या होत्या आणि नंतर चार्जर लावायचा राहून गेला. रात्री फोटो काढायचे होते. मी गप्पपणे चार्जर काढला आणि त्यांच्याच पडवीतल्या प्लगला लावला. सहा तास. मावशी म्हणाल्या, "लाव की, आता जळत नाय."